फेसबुक-एक्सला पर्याय: गट, लेखन आणि वाचन कुठे हलवावं?

शाईपुसणी

साधारण दोनशे जणांचा वाचनगट आहे, सध्या फेसबुकवर. तक्रारी नेहमीच्याच. निम्म्या सदस्यांना पोस्टी दिसत नाहीत, दिसतात त्या चार दिवसांनी, आणि जुनी चर्चा शोधून सापडत नाही. एक्सवर लॉगिन केल्याशिवाय कुणाची लेखमाला धड वाचता येत नाही.

तीन गोष्टींची सोय हवी आहे. एक, गटाची चर्चा, जी सहा महिन्यांनीही सापडेल. दोन, दीर्घ लेखन ठेवायला जागा. तीन, चाळीसेक लेखक-नियतकालिकं नियमित वाचायची सोय, कुणीतरी आपल्या वतीने निवड न करता.

अटी: देवनागरी नीट चाललं पाहिजे, मजकूर हवा तेव्हा बाहेर काढता आला पाहिजे, आणि गटातल्या बऱ्याच जणांना पासवर्ड बदला म्हटलं तरी धाप लागते हे लक्षात घ्यावं. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, डिस्कोर्स, सिग्नल ही नावं ऐकून आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. "व्हॉट्सॅप गट काढा" हा सल्ला कृपया नको.

टोपणनाव_शिल्लक_नाही

व्हॉट्सॅप गट काढा.

(पळतो.)

अडकित्ता

प्रश्नातच उत्तर आहे. तीन कामं तुम्हीच वेगळी करून दिलीत, मग त्यांना एकच पर्याय कशाला शोधायचा? फेसबुक ही चारपाच वेगळी कामं एकाच पडद्यावर करतं आणि बदली शोधताना लोक तसाच दुसरा पडदा शोधतात. तो मिळत नाही, मिळाला तर त्यालाही त्याच खोडी लागतात.

वाचनाला आरएसएस: साइट आपल्या नव्या लेखांची यादी, म्हणजे फीड, देते आणि आपलं ॲप ती गोळा करतं. लेखनाला स्वतःच्या डोमेनवर ब्लॉग. गटाला फोरम किंवा ईमेल यादी. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय, म्हणजे एक्ससारख्या छोट्या पोस्टींच्या जागा, या तिन्हींपैकी कशाचीच जागा घेत नाहीत. "नवीन लेख टाकलाय" हे सांगायला आणि गप्पा मारायला ते ठीक. त्यांच्याकडून गटाचं काम करून घ्यायला गेलात तर महिन्याभरात सगळे परत फेसबुकवर.

गाळीव_रत्न

असहमत. साधनं उत्तम असून उपयोग काय, माणसं हवीत. गूगल प्लसकडे गूगलचा पैसा होता, तरी एप्रिल २०१९ ला सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ ला बंद. 'कू' २०२४ मध्ये गाशा गुंडाळून गेलं. डायस्पोरा २०१० पासून "फेसबुकला पर्याय" आहे, इथल्या किती जणांचं खातं आहे तिथे? नवीन जागी पहिला आठवडा जत्रा, मग तीन माणसं एकमेकांना "इथे शांत वाटतं नाही?" असं विचारत बसतात.

अडकित्ता

@गाळीव_रत्न, ही यादी माझ्याच बाजूची आहे. गूगल प्लस आणि ऑर्कुट बंद झाले तेव्हा तिथल्या चर्चा गेल्या, कारण पत्ता त्यांचा होता. त्याच काळातले स्वतःच्या डोमेनवरचे ब्लॉग कंपन्या बदलूनही जुन्याच पत्त्यावर उघडतात. घर भाड्याचं असलं तरी चालेल, दारावरची पाटी आपली हवी.

आणि दोनशे जणांच्या गटाला कोट्यवधी माणसं लागत नाहीत. दोनशे लागतात. खरं तर नियमित लिहिणारे पंधरा-वीसच.

पाणचक्की

मॅस्टोडॉनबद्दल अर्धवट माहितीवर बरंच बोललं जातं, म्हणून सविस्तर.

२०१६ मध्ये सुरू झालं. ही एक साइट नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलने, म्हणजे सामाईक नियमांनी, एकमेकांशी बोलतात. हा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ पासून वेबचं अधिकृत मानक आहे. चित्रांचं पिक्सेलफेड, व्हिडिओंचं पिअरट्यूब, चर्चांचं लेमी हेही त्यावरच चालतात, त्यामुळे मॅस्टोडॉनच्या खात्यावरून पिअरट्यूबचा चॅनल फॉलो करता येतो.

सर्व्हर निवडताना नाव किती गोंडस आहे ते पाहू नका, त्याचं माहितीपान उघडा. चालक कोण, एकटा आहे की सोबत कुणी, खर्च कसा भागतो, आणि त्यांनी कोणते सर्व्हर अडवले आहेत. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला एका करारनाम्याला बांधील राहावं लागतं: रोजचा बॅकअप, एकाहून अधिक व्यक्तींकडे आणीबाणीचा प्रवेश, द्वेषपूर्ण मजकुरावर सक्रिय नियंत्रण आणि बंद करायचं झाल्यास किमान ३ महिने आधी सूचना. यादीबाहेरचे सर्व्हर वाईट असतात असं नाही, पण हे चार प्रश्न त्यांना विचारावेत.

डोमेनचं शेपूटही बघा. देशांच्या नावाची किंवा फुकट मिळणारी शेपटं धोक्याची. २०२३ मध्ये मालीने '.एमएल' परत ताब्यात घेतल्यावर त्यावरचा लेमी सर्व्हर अडचणीत आला. २०२४ मध्ये '.एएफ'वरचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर तालिबान प्रशासनाने डोमेन बंद केल्यामुळे गेला.

स्थलांतर असं करतात: आधी नवीन खात्याच्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पत्ता 'उपनाव' म्हणून नोंदवायचा. मग जुन्या खात्यावरून 'दुसऱ्या खात्यावर हलवा' निवडून नवा पत्ता आणि जुना पासवर्ड द्यायचा. फॉलोअर काही तासांत आपोआप सरकतात. तुम्ही फॉलो करता ती यादी, ब्लॉक, म्यूट आणि वाचनखुणा मात्र सीएसव्ही (तक्त्याच्या) फायली उतरवून नवीन ठिकाणी चढवाव्या लागतात. पोस्टी येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. एकदा हललात की ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच. तो एका रात्रीत गेला तर फॉलोअरही गेले. म्हणून त्या सीएसव्ही अधूनमधून उतरवून ठेवायच्या.

वाचनमात्र_वल्ली

वाचनखूण साठवली आहे. (कुठल्या सर्व्हरवर साठवली ते विचारू नये.)

उलटा_तवा

एवढं सगळं वाचून आमच्या गटातले लोक थेट झोपायला जातील. ब्लूस्काय सोपं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून आमंत्रणाशिवाय खातं उघडता येतं, सर्व्हर निवडायची भानगड नाही, आणि फीड स्वतः निवडता येतात: फक्त फॉलो केलेले, उलट्या कालक्रमाने, किंवा कुणी बनवलेलं विषयवार फीड.

स्वतःचं डोमेन हेच आयडी म्हणून वापरता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. हँडल बदलण्याच्या पानावर 'माझं डोमेन आहे' निवडलं की एक डीआयडी (खात्याचा कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेन-विक्रेत्याकडच्या नोंदींच्या पानावर) 'अंडरस्कोर एटीप्रोटो' या नावाने टीएक्सटी नोंद करायची आणि किंमत म्हणून आधी 'did=' लिहून पुढे तो डीआयडी जसाच्या तसा टाकायचा. इथे बहुतेकांची गाडी अडते. काही डोमेन-विक्रेत्यांचं पॅनल नावापुढे डोमेन आपोआप जोडतं. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत तर डोमेन दोनदा लागतं आणि पडताळणी होत नाही. फक्त पहिला तुकडा लिहा.

गटाच्या डोमेनखाली सदस्यांना उपडोमेनही देता येतात. संस्थेचा माणूस खरा की तोतया हा प्रश्नच मिटतो.

पाणचक्की

सोपं आहे, मान्य. पण 'विकेंद्रित' हा शब्द तिथे जपून वापरावा. तुमचा मजकूर ठेवणारा सर्व्हर तुम्ही स्वतः चालवू शकता, त्याला संगणकही छोटासाच लागतो. पण सगळ्यांच्या पोस्टी गोळा करणारा रिले, त्यांतून टाइमलाइन बनवणारा भाग आणि डीआयडींची नोंदवही यांचा मोठा भार अजून त्या एकाच कंपनीवर आहे. त्यांनी उद्या जाहिराती सुरू केल्या तर मॅस्टोडॉनसारखं शेजारच्या सर्व्हरवर जाणं तितकं सहज नाही.

उलटा_तवा

आणि मॅस्टोडॉनवर शेजारच्या सर्व्हरवर गेलं की जुन्या पोस्टी मागे. ब्लूस्कायच्या रचनेत सर्व्हर बदलला तरी पोस्टी, फॉलोअर, पत्ता सगळं सोबत येतं. कुठली गैरसोय परवडते तेवढाच फरक.

एक मात्र सांगतो. ब्लूस्कायवर लाइक आणि ब्लॉक हे दोन्ही सार्वजनिक असतात. कुणी कुणाला ब्लॉक केलंय ते दाखवणारी साधनं आहेत. गटातल्या भांडकुदळांना आधीच कल्पना द्यावी.

गाळीव_रत्न

उलट त्यांना हेच सांगून आणा. लगेच येतील.

मात्राकाना

देवनागरीचा मुद्दा कुणीच घेतला नाही, म्हणून.

एक्सवर २८० ची मर्यादा युनिकोडच्या सुट्या चिन्हांवर मोजली जाते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचा एक. 'स्त्री' तिथे ६ भरतो. ब्लूस्कायची मर्यादा ३०० आणि मॅस्टोडॉनची नेहमीची ५००. पण हे दोघं डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजतात. तोच 'स्त्री' ३ किंवा १ भरतो, वापरलेल्या युनिकोड आवृत्तीनुसार. म्हणजे आकड्यांत २० चाच फरक दिसला तरी मराठीत ब्लूस्कायवर एक्सपेक्षा बरंच जास्त मावतं. ब्लूस्कायला ३००० बाइटची दुसरी मर्यादाही आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, पण साध्या मराठीत ती आधी गाठली जात नाही. मॅस्टोडॉनवर दुवा कितीही लांब असला तरी २३ च धरतात.

दुसरं, पोस्टीची भाषा. दोन्हीकडे लिहिताना भाषा निवडायची सोय आहे आणि दोन्हीकडे लोक ती इंग्रजीवरच सोडतात. मग भाषेनुसार गाळणाऱ्यांना तुमच्या मराठी पोस्टी दिसत नाहीत आणि भाषांतराचं बटणही गोंधळतं. मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये एकदाच मराठी ठरवून टाका.

तिसरं, टॅग. मॅस्टोडॉनवर मजकूर-शोध सर्व्हरने वेगळा बसवला असेल तरच चालतो, आणि त्यातही ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टी सापडतात. म्हणून टॅगला महत्त्व. टॅग फॉलोही करता येतो. पण 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेला शब्द टॅगमध्ये टाळा. काही कळफलक तिथे नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखंच, पण यंत्राला ते दोन वेगळे टॅग आहेत. 'चर्चा' घ्या, 'दऱ्याखोऱ्या' नको.

टोपणनाव_शिल्लक_नाही

आता गिर्यारोहकांनी काय करावं?

खिळा

वाचनासाठी आरएसएस, अडकित्ता यांना +१. १९९९ पासून आहे, गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा "आरएसएस मेलं" अशी हाकाटी झाली, पण फीड कुठेही गेले नाहीत. ते कसे शोधायचे ते लिहितो.

वर्डप्रेसच्या साइटला पत्त्याच्या शेवटी स्लॅश फीड. ब्लॉगस्पॉटला स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डीफॉल्ट. मॅस्टोडॉनच्या कुठल्याही सार्वजनिक खात्याच्या पत्त्याला शेवटी डॉट आरएसएस, म्हणजे खातं न उघडताही वाचता येतं. ब्लूस्कायच्या प्रोफाइललाही स्लॅश आरएसएस. यूट्यूब चॅनलचा फीड असतो, पण त्याला 'यूसी'ने सुरू होणारा चॅनल आयडी लागतो. चांगले वाचक, म्हणजे फीड वाचायची ॲप, चॅनलचा साधा पत्ता दिला तरी तो स्वतः शोधून काढतात.

वाचक दोन प्रकारचे. फोनवरचा, उदाहरणार्थ अँड्रॉइडवर फीडर, ॲपलवर नेटन्यूजवायर: फुकट, खातं नको, दोन मिनिटांत सुरू. सर्व्हरवरचा, म्हणजे फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स किंवा फीडलीसारखी सेवा. फरक नुसता सोयीचा नाही. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे १० लेख असतात आणि यूट्यूबच्या फीडमध्ये १५. फोनवरचा वाचक महिनाभर उघडला नाही आणि मधल्या काळात साइटने तीस लेख टाकले, तर वीस लेख तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. सर्व्हर मात्र तुम्ही झोपलात तरी गोळा करत राहतो. चाळीस स्रोत आणि त्यांत दैनिकं असतील तर सर्व्हरवालाच घ्या.

कुठलाही घ्या, स्रोतांची यादी ओपीएमएल फाइल म्हणून बाहेर निघते का ते पहिल्या दिवशी तपासा. निघत असेल तर वाचक बदलणं दहा मिनिटांचं काम. फेसबुक पानांना फीड नाही. फीड तयार करून देणाऱ्या खटपटी सेवा सापडतात, पण त्या दर थोड्या दिवसांनी मोडतात. नादी लागू नये.

दीपमाळ

हलण्याआधी जुनं कसं बाहेर काढायचं तेही बघा. खातं आधी पुसून मग आठवण झाली तर परतीची मुदत थोडी असते. फेसबुकवर ती ३० दिवसांची.

फेसबुकची माहिती उतरवताना एचटीएमएल आणि जेसॉन असे दोन पर्याय येतात. नुसतं वाचायचं असेल तर एचटीएमएल. ब्लॉगवर चढवायचं असेल तर जेसॉन, पण त्यातलं मराठी उघडल्यावर चिरफाळलेलं दिसतं, सगळी टिंबाटिंबांची युरोपीय अक्षरं. फाइल खराब नसते. यूटीएफ-८ चा प्रत्येक बाइट सुटं अक्षर म्हणून लिहिला गेलेला असतो. पायथनमध्ये आधी जेसॉन वाचून घ्या, मग प्रत्येक मजकूर-तुकडा लॅटिन-१ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ ने डीकोड करा. मराठी जशीच्या तशी परत येते. हे आख्ख्या फाइलवर एकदम करू नका, जेसॉन वाचल्यानंतरच करा, नाहीतर काहीच बदलणार नाही. तारखा जपा, आणि चित्रांची वाट फाइलमध्ये सापेक्ष असते म्हणून फोल्डरची रचना मोडू नका.

एक्सच्या संग्रहात पोस्टींची फाइल जावास्क्रिप्टची असते. पहिल्या चौकोनी कंसाआधीचा भाग काढला की ती साधी जेसॉन होते. दुवे सगळे त्यांच्या आखूड पत्त्यातून गेलेले असतात, पण मूळ पत्ताही शेजारीच नोंदलेला असतो. तोच वापरा, आखूड दुवे कंपनी चालवेल तोवरच चालणार.

व्हॉट्सॅपवर चर्चा निर्यात करता येते, पण चित्रांशिवाय शेवटचे ४०,००० आणि चित्रांसह १०,००० संदेश एवढीच. मोठ्या गटाचा जुना भाग त्यात येत नाही.

आणि फेसबुक गटाचं दुखणं: उतरवलेल्या माहितीत तुमचं लेखन येतं, गटातल्या इतरांचं नाही. महत्त्वाच्या चर्चा हाताने जपून ठेवाव्या लागतील, तेही ज्याच्या त्याच्या परवानगीने.

बिनपगारी

सगळे स्वतःच्या सर्व्हरकडे वळण्याआधी थोडं गार पाणी.

मॅस्टोडॉन बसवणं एका संध्याकाळचं काम, चालवणं कायमचं. रुबी, पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस, पार्श्वभूमीची रांग: २ जीबी मेमरी आणि वर स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) याखाली जाऊ नका. बाहेरच्या सर्व्हरवरून येणारं प्रत्येक चित्र तो आपल्याकडे उतरवून ठेवतो. डिस्क भरते, डिस्क भरली की पोस्टग्रेस थांबतं, आणि ते थांबलं की सगळंच. प्रशासन पानावर माध्यमांचा साठा किती दिवस ठेवायचा त्याची नोंद असते, ती ७ करा. त्याच पानावर खाली बाहेरचा मजकूर पुसण्याचीही मुदत आहे. तिला हात लावू नका, सदस्यांच्या वाचनखुणा आणि बूस्ट (पुढे पाठवलेल्या पोस्टी) कायमचे जातात.

सर्व्हरचं डोमेन पहिल्या दिवशी ठरतं ते शेवटपर्यंत. नंतर बदलता येत नाही, कारण बाकीचे सर्व्हर तुम्हाला त्याच नावाने ओळखतात. बॅकअपमध्ये डेटाबेस, सदस्यांनी चढवलेली चित्रं आणि गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइल, तिन्ही हवं. ती फाइल गेली तर नुसत्या डेटाबेसवर सर्व्हर पूर्ववत होत नाही.

एकट्यादुकट्यासाठी गोटूसोशल हे हलकं सॉफ्टवेअर बरं. एकच फाइल, एसक्यूलाइट, सामान्यतः २५०–३५० एमबी मेमरीत भागतं, मॅस्टोडॉनची ॲप त्यावर चालतात. पण एका माणसाच्या सर्व्हरला फक्त तुम्ही फॉलो केलेलं जगच माहीत असतं. टॅग शोधलात तर रिकामं, आणि एखाद्या चर्चेतले निम्मे प्रतिसाद गायब. त्यात बिघाड काही नाही, ते आपल्या दाराशी आलेलेच नसतात.

पाणचक्की

प्रचंड सहमत. दोनशेच्या वाचनगटाला स्वतःचा मॅस्टोडॉन हे हौसेचं काम आहे, गरजेचं नाही.

कागदी_होडी

मग गटाला काय? माझं मत ईमेल यादीला. नवीन खातं नको, नवीन ॲप नको, आणि ज्यांना धाप लागते त्यांना 'उत्तर द्या' हे बटण माहीत आहे. संग्रह वेबवर दिसतो, शोधता येतो.

बिनपगारी

ईमेल यादीत चारजण एकाच विषयाला उत्तर देताना खाली आख्खी जुनी चर्चा चिकटवतात. पाचव्या उत्तराला सोळा पडदे खाली जावं लागतं. डिस्कोर्स हे फोरमचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात ईमेल यादीची पद्धत आहेच: प्रशासकाने ती मोकळी ठेवली आणि सदस्याने आपल्या सेटिंगमध्ये सुरू केली की प्रत्येक पोस्ट ईमेलने येते, आणि येणाऱ्या ईमेलची सोय बसवली असेल तर ईमेलनेच उत्तरही देता येतं. धाप लागणारे ईमेलमध्ये राहतात, बाकीचे साइटवर. चर्चा एकच.

अडचणी सांगतो. अधिकृत मांडणी डॉकरवरच (सॉफ्टवेअर डबाबंद चालवायची पद्धत). १ जीबी मेमरी आणि स्वॅपवर चालतं, २ जीबीवर सुखाने चालतं. खरी डोकेदुखी ईमेल पाठवण्याची. नवीन सदस्याचं खातं ईमेलच्या दुव्याने चालू होतं, म्हणजे ईमेल पोचला नाही तर माणूस दारातच. भाड्याच्या सर्व्हरवर पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतो, म्हणून ईमेल पाठवणारी सेवा घ्या आणि पोर्ट ५८७ वापरा. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरंच तुमचा आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून मोठे ईमेलवाले याबाबत कडक झालेत, नोंदी नसतील तर थेट स्पॅममध्ये.

देवनागरीसाठी: विषयाच्या पत्त्याची पद्धत मुळात इंग्रजी अक्षरांपुरती असते, मराठी शीर्षक त्यात गळून पडतं. सेटिंगमध्ये 'एन्कोडेड' निवडा. पोस्टीची किमान लांबीही कमी करा, नाहीतर "सहमत" एवढंच लिहिणाऱ्याला यंत्र अडवतं.

टोपणनाव_शिल्लक_नाही

मग ती सेटिंग तशीच ठेवा.

कागदी_होडी

आणि हा सर्व्हर अद्ययावत कोण ठेवणार? दोन वर्षांनी ज्याने उभारला तो कंटाळला की? यादीसेवा दुसरं कुणीतरी चालवतं, हा तिचा मोठा गुण आहे. सदस्यसंख्येप्रमाणे पैसे पडतात तेवढे पडू देत.

बिनपगारी

डिस्कोर्सही दुसऱ्याने चालवलेलं भाड्याने मिळतं. डोमेन तुमचं ठेवा, चालवणारा कुणीही असो. उद्या हलवायचं झालं तर आख्खा बॅकअप एक फाइल म्हणून निघतो आणि दुसरीकडे तसाच चढतो. यादीसेवांच्या बाबतीत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मुळात ज्याला महिन्यातून एक तासही देता येत नाही त्याने स्वतः चालवू नये, यात वाद नाही.

अंधारकोठडी

सिग्नलचं नाव धागाकर्त्यांनी घेतलंय म्हणून. खासगी बोलण्याला त्याहून चांगलं काही नाही. गटाची मर्यादा १००० आहे, २०२४ पासून वापरकर्तानाव आहे त्यामुळे गटातल्या सगळ्यांना तुमचा फोन नंबर दिसत नाही. नोंदणीला मात्र नंबर लागतोच. पण सहा महिन्यांपूर्वीची चर्चा शोधायची तर ते चुकीचं साधन. फोन हरवला आणि बॅकअप चालू नसेल तर इतिहास गेला. त्याची रचनाच विसरण्यासाठी आहे.

दुसरी बाजूही ऐका. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्कायवरचे 'खासगी' संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. मॅस्टोडॉनवर तर सर्व्हरचालक ते वाचू शकतो, आणि खासगी संदेशात तिसऱ्या कुणाचं नाव अ‍ॅट लावून लिहिलंत तर तो संदेश त्यालाही जातो. कुणाबद्दल कुजबुजताना हे ध्यानात असावं. सार्वजनिक पोस्ट पुसली तरी इतर सर्व्हरना फक्त "पुसा" अशी विनंती जाते, पुसणं त्यांच्या हाती. टेलिग्रामचे गटही तसे कूटबद्ध नसतात, तिथे ती सोय फक्त दोघांच्या गुप्त संभाषणात.

वाचनमात्र_वल्ली

अवांतर: गटाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ असतील तर पिअरट्यूब चालेल का?

पाणचक्की

चालेल, पण जागा खातं. एकाच व्हिडिओच्या दोनतीन दर्जांच्या प्रती बनतात, आणि त्या बनवताना प्रोसेसर घामाघूम होतो. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा आणि दर्जे दोनच निवडा. प्रेक्षकांचे ब्राउझर एकमेकांना तुकडे पुरवतात, त्यामुळे सर्व्हरवरचा भार हलका होतो, पण एकाच वेळी पाहणाऱ्यांना एकमेकांचे आयपी पत्ते कळू शकतात. नको असेल तर ती सोय सेटिंगमध्ये बंद करता येते.

शाईपुसणी

सगळ्यांचे मनापासून आभार. इथवर समजलं ते असं: वाचनाला सर्व्हरवरचा आरएसएस वाचक. लेखनाला स्वतःच्या डोमेनवर वर्डप्रेस. गटाला दुसऱ्याने चालवलेलं डिस्कोर्स, ईमेल पद्धतीसह. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय घोषणांपुरते.

दोन प्रश्न उरले. लेख टाकला की दोन्हीकडे हाताने दुवा टाकायचा का? आणि फेसबुकवरची दोनशे माणसं आणायची कशी, त्यांचे ईमेल पत्तेच नाहीत.

खिळा

पहिल्याचं उत्तर: वर्डप्रेसला ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन बसवा. मग ब्लॉगच एक खातं होतो, मॅस्टोडॉनवरचे लोक त्यालाच फॉलो करतात, लेख आपोआप जातो आणि तिथले प्रतिसाद ब्लॉगखाली टिप्पणी म्हणून येतात. वेगळं मॅस्टोडॉन खातं लागतच नाही. प्लगइन बसवल्यावर साइट-आरोग्य पानावर त्याच्या चाचण्या दिसतात. वेबफिंगरची (इतर सर्व्हरना तुमचं खातं शोधून देणारी सोय) चाचणी नापास होत असेल तर वर्डप्रेस उपफोल्डरमध्ये असणं किंवा सुरक्षेचं एखादं प्लगइन आडवं येणं ही नेहमीची कारणं.

ब्लूस्कायसाठी ब्रिजी फेड नावाचा पूल आहे. त्याचं खातं तुमच्या खात्यावरून फॉलो केलं की तुमच्या पोस्टी पलीकडे दिसू लागतात. दोन्ही बाजूंना ज्याने स्वतः होकार दिला तोच पूल ओलांडतो, हे लक्षात ठेवा. समोरच्याने पूल घेतला नसेल तर त्याचा प्रतिसाद तुमच्यापर्यंत येणार नाही.

अडकित्ता

दुसऱ्याचं. फेसबुक गट बंद करू नका, तोच तुमचा दरवाजा आहे. क्रम असा ठेवा.

आधी दहा-पंधरा नियमित लिहिणाऱ्यांना नवीन जागी न्या आणि तिथे खरोखरच्या पाचसहा चर्चा होऊ द्या. रिकाम्या खोलीत कुणी थांबत नाही. मग फेसबुक गटात एक सूचना वर टाचून ठेवा, सोबत नाव आणि ईमेलचा साधा अर्ज. ईमेल कशासाठी वापरणार ते एका ओळीत लिहा. नव्याने गटात येणाऱ्यांसाठी फेसबुक तीन प्रश्न विचारू देतं, त्यांतला एक ईमेलचा ठेवा. जमलेल्या पत्त्यांची सीएसव्ही करून डिस्कोर्समध्ये एकगठ्ठा आमंत्रणं पाठवता येतात, पण दोनशे एकदम पाठवू नका. नवीन डोमेनवरून अचानक झुंबड उडाली की ईमेलवाले संशय घेतात. वीस-पंचवीसच्या टप्प्याने, एकेक दिवस सोडून.

मग महिनाभर फेसबुकवर फक्त नवीन चर्चेचा दुवा आणि दोन ओळी. आख्खी पोस्ट दोन्हीकडे टाकलीत तर तिकडे कुणी येणार नाही. शेवटी गट 'विराम' स्थितीत ठेवा: जुनं वाचता येतं, नवीन लिहिता येत नाही. पुसून टाकू नका. दोनशेतले साठ-सत्तर आले तरी पुष्कळ, आणि न येणाऱ्यांत बहुतेक मूळ गटातही कधी बोलत नव्हते.

गाळीव_रत्न

साठ-सत्तर म्हणजे फारच आशावाद. पण लिहिणारे पंधरा आले तर गट चालेल, एवढं कबूल.

बिनपगारी

@शाईपुसणी, डोमेनबद्दल राहिलं. ज्या ईमेलवर डोमेन-विक्रेत्याचं खातं आहे तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. मुदत संपली तर आठवणीचा ईमेल त्याच बंद डोमेनवर जाईल. नूतनीकरण आपोआप होणारं ठेवा आणि कार्डाची मुदत तपासा. पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचे सुटकेचे कोड गटातल्या आणखी एका माणसाकडे द्या.

शाईपुसणी

नोंदवलं. दुसरा माणूस कोण, यावर गटात मतदान घ्यावं म्हणते.

टोपणनाव_शिल्लक_नाही

मतदान कुठे घेणार? फेसबुकवर?